जनरेटरची हजेरी

त्या दिवशी माझ्या खोलीतली इस्त्री चालू होती. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आई होती तोवर तिला नाही, बायकोला नाही, आणि ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं त्या बाईंना तर नाहीच. वाचणाऱ्याला वाटेल, इस्त्री चालू असण्यात एवढं काय लपवायचं. म्हणून आधी बाई कोण होत्या ते सांगतो.

मी अमरावतीचा. नोकरी लागली अकोल्यात, एका कचेरीत कारकून म्हणून. स्टेशनच्या पलीकडे बाईंचं घर होतं. मागच्या दोन खोल्यांत बाई राहायच्या. पुढच्या खोलीत शिवणकाम करणाऱ्या एक ताई भाड्याने होत्या. गच्चीवरच्या एका खोलीत मी. बाई पातूरकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका होत्या, तिथून निवृत्त झालेल्या. ठेंगण्या, पावलं भराभर टाकणाऱ्या. मनगटात गेलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ. पौर्णिमेला पांढरी साडी नेसून विहारात जायच्या, बाकीच्या दिवशी कुठलीही. कमरेच्या बटव्यात सुपारीऐवजी खडूचे तुकडे असायचे. काही सांगायचं झालं की त्या बोलता बोलता वाकून फरशीवर काढून दाखवायच्या. आमच्या दाराशी कायम काही ना काही आकृत्या असायच्या, आणि ताईंच्या गिऱ्हाइकांना ती रांगोळी वाटायची.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा शाळेतल्या लोकांनी विचारलं, बाई, निरोपाला काय देऊ. बाईंनी सांगितलं, शाल नको, नारळ नको, जनरेटर द्या. लोकांना ती गंमत वाटली. मग कळलं की बाई खरंच बोलून राहिल्या आहेत. त्यांनी आपलीही भर घातली आणि एक छोटा, उचलून नेता येईल असा, लाल रंगाचा पेट्रोलवरचा जनरेटर आणला. प्रवासाच्या पेटीएवढा. मागच्या अंगणात, भिंतीपासून लांब, एका जुन्या पाटावर तो बसायचा. धूर घरात येता कामा नये म्हणून पाटाची जागा बाईंनी खडूने आखून ठेवली होती, आणि पावसाने ती पुसली की पुन्हा आखायच्या.

तेव्हा आमच्याकडे दिवसा तासन्‌तास लाईन जायची. अकोल्याचा उन्हाळा ज्याला माहीत आहे त्याला हे वेगळं सांगायला नको. पंखा थांबला की क्षणभर सगळं गप्प व्हायचं आणि त्या शांततेतच बाईंच्या दाराची कडी वाजायची. बाई अंगणात यायच्या, पदर खोचायच्या आणि मान वर करून म्हणायच्या, "बंद करा सगळं. सगळं म्हणजे सगळं."

सगळं बंद झालं की त्या दोरी ओढायच्या. इंजिन सुरू व्हायचं. लगेच काही लावायचं नाही. त्याला श्वास घेऊ द्यायचा, असं त्या म्हणायच्या. मग हजेरी.

मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं, बाईंचं डोकं फिरलं. अंगणाच्या मधोमध उभ्या राहून त्या खणखणीत आवाजात पुकारायच्या, "फ्रिज!" फ्रिज त्यांच्याच घरात, तेव्हा त्या स्वतःच आत जाऊन बटण दाबायच्या आणि बाहेर येऊन स्वतःच उत्तर द्यायच्या, "हजर." मग इंजिनचा आवाज जरा खाली जायचा, परत वर यायचा. तो जागेवर आला की, "शिलाई मशीन!" पुढच्या खोलीतून ताई, "हजर, बाई." "खालचा पंखा!" "हजर." "वरचा पंखा!" मी गच्चीच्या कठड्यावरून, लाजत, "हजर."

एवढ्यावर संपत नसे. जे लावायचं नाही त्याचंही नाव पुकारलं जायचं. कुलर. मिक्सर. इस्त्री. पाणी तापवायची कॉईल, तेही भर मे महिन्यात. आणि ज्याच्याकडे ती वस्तू असेल त्याने "गैरहजर" म्हणायचं. इस्त्री फक्त माझ्याकडे होती. मी एकदा विचारलं की बाई, इस्त्री कधीच लावायची नसते, तर रोज विचारता कशाला? त्या म्हणाल्या, "जे नाही ते नाही म्हणून तोंडानं सांगा लागते. गप बसला त्याचा भरोसा नाही."

त्या जनरेटरविषयी विद्यार्थ्याविषयी बोलावं तसं बोलायच्या. "पोट्टं ल्हान हाये, त्याले जड दप्तर देऊ नका," हे तर आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं की ताई त्यांची नक्कल करायच्या. कुलर म्हणजे दोन पोरांचं दप्तर. इस्त्री म्हणजे अख्ख्या वर्गाचं. फ्रिजला पहिला नंबर का, हे त्यांनी मला फरशीवर बस काढून समजावलं होतं. बंद पडलेली यष्टी ढकलायला गावभरची माणसं लागतात, एकदा चालू झाली की एकटा ड्रायव्हर नेतो. तसं फ्रिजला सुरू होताना जोर लागतो. म्हणून सगळे हात मोकळे असताना त्याला ढकलून घ्यायचं, मग बाकीच्यांनी चढायचं.

मिक्सर लावायचा झाला तर त्याची वेगळी तासिका. तेवढा वेळ फ्रिज बाहेर उभा. एकदा बाईंचे बाळापूरचे नातेवाईक आले होते. त्यातल्या एका गृहस्थांनी हजेरीच्या मधेच कुलर लावला. बाईंनी इंजिन बंद केलं, त्यांना अंगणात बोलावलं आणि विचारलं, "तुमचं नाव पुकारलं होतं का मी?" गृहस्थ पन्नाशीचे, धोतर-टोपीवाले. ते नाही म्हणाले आणि नकळत हात मागे बांधून उभे राहिले. जेवताना मात्र बाईंनी त्यांना आग्रह करकरून वाढलं.

गल्लीत एकाने इन्व्हर्टर घेतला आणि तो मुद्दाम सांगायला आला की बाई, आता हा फटफटा कशाला, आमच्याकडे लाईन गेलेली कळतही नाही. बाई म्हणाल्या, "तेच तर. ते मुकं हाये. थकलं का जीव लावून ओढून राह्यलं, आपल्याले समजत नाही. हे कण्हते तरी."

आणि ते कण्हणं बाईंना खरंच ऐकू यायचं. आत पोळ्या लाटताना त्या हाक मारायच्या, "ताई, दाट कापड आलं का मशीनखाली?" आलेलं असायचं.

आता मुलाचं सांगतो. त्याला मी दोष देत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. बाईंना एकच मुलगा, पुण्याला नोकरीला. आई एकटी अकोल्यात राहते याचा त्याला घोर होता. एकदा दूध गॅसवर ठेवून बाई विहारात निघून गेल्या, तेव्हा ताईंनी पाहिलं म्हणून निभावलं. एकदा किल्ल्या हरवल्या. ताईंनी त्याला फोनवर हे काळजीपोटी सांगितलं. तो आला, दोन दिवस राहिला आणि निघायच्या सकाळी अंगणात चहा पिताना म्हणाला की आई, आता पुण्याला चल, तुला झेपत नाही. मी नळावर पाणी भरत होतो. त्याने मलाही त्यात ओढलं, तुम्हीच सांगा म्हणून.

बाईंनी मला बोलू दिलं नाही. त्या म्हणाल्या, "हे पाह्य. दूध उतू गेलं, किल्ल्या गेल्या, मान्य. पण माही हजेरी चुकली का एक तरी दिवस? तीन घरची लाईन मी सांभाळते. ज्या दिवशी ते चुकीन, त्या दिवशी मी माह्या पायानं गाडीत बसीन. हा अमरावतीवाला साक्षीदार."

मुलगा हसला. चालेल म्हणाला. मीही हसलो. मला त्या कधी नावाने हाक मारत नसत, अमरावतीवाला हेच माझं नाव होतं.

तो उन्हाळा सरत आलेला असतानाची गोष्ट. मला मुलगी पाहायला अमरावतीला जायचं होतं. दुपारची बस धरायची होती. शर्ट कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडे टाकायचं ठरवलं होतं, पण तो कोळशाची इस्त्री झाकून भाचीच्या लग्नाला निघून गेला होता. घरी येतो तर लाईन गेलेली, आणि खाली बाईंची कडी वाजली.

मी बाईंना नुसतं विचारलं असतं तरी चाललं असतं. हे मला त्या वेळीही माहीत होतं. त्यांनी फ्रिजला बाहेर उभं केलं असतं, ताईंना मशीन थांबवायला लावली असती आणि इस्त्रीला एक तासिका दिली असती. पण विचारलं असतं तर कारण सांगावं लागलं असतं. मग ताई खिडकीतून डोकावून विचारणार, कोणाची मुलगी, काय शिकली. परत आलो की दोघी अंगणात बसून विचारणार, काय झालं. आणि मुलीकडून नकार आला तर? एवढंच कारण. याहून मोठं कारण माझ्याजवळ नाही. मी पुष्कळदा शोधलं आहे.

मी इस्त्रीची पिन आधीच बोर्डात खोचून ठेवली. फ्रिज हजर झाला. मशीन हजर झाली. पंखे झाले. बाईंनी पुकारलं, "इस्त्री!"

"गैरहजर, बाई," मी कठड्यावरून सांगितलं. आणि आत येऊन बटण दाबलं.

इंजिनचा आवाज खाली गेला आणि खालीच राहिला. पंखा मंदावला. मी भराभर कॉलर केली, छाती केली. अंगणातून बाईंचा आवाज आला, "कण्हून राह्यलं. कावून? कोण आलं वर्गात?" मग त्यांनी पुन्हा सगळी नावं घेतली. ताईंनी उत्तरं दिली. "इस्त्री?" बाईंनी विचारलं. मी शर्टाच्या बाहीवर इस्त्री धरून म्हणालो, "गैरहजर."

इस्त्री तापली की आपोआप बंद होते. तिच्यावरचा लहानसा दिवा विझतो. तो विझला, आणि अख्ख्या वर्गाचं दप्तर त्या पोट्ट्याच्या पाठीवरून एकदम खाली पडलं. इंजिन उधळलं. असा आवाज त्याने कधी केला नव्हता. माझ्या खोलीतला पंखा वेड्यासारखा फिरला. खाली ताई ओरडल्या. बाईंनी इंजिन बंद केलं तेव्हा जळक्या तारांचा वास गच्चीपर्यंत आला होता.

ताईंच्या मशीनची मोटर गेली. फ्रिजही गेला. आधी विजेच्या कमी दाबाने तो गुदमरत होता, वरून हा एकदम वाढलेल्या दाबाचा तडाखा बसला. मी पिन काढली, तापलेली इस्त्री खाटेखाली फरशीवर सरकवली, शर्ट अंगात घातला आणि खाली आलो. कॉलर मानेला गरम लागत होती.

बाई अंगणात बसल्या होत्या. फरशीवर खडूने फ्रिज, मशीन, दोन पंखे काढले होते आणि त्यांच्यापुढे क्रम लिहीत होत्या. खोडत होत्या, परत लिहीत होत्या. मला पाहून त्या म्हणाल्या, "अमरावतीवाले, मी फ्रिज आधी घेतला ना?"

मी म्हणालो, "हो बाई."

"मशीन त्याच्या मागून."

"हो."

त्यांनी क्रमाच्या आकड्यांवरून खडू पुन्हा फिरवला. मग मान वर करून मला विचारलं, अगदी शांतपणे, "आन्‌ इस्त्री बंद होती?"

मी पुन्हा "हो" म्हणालो.

"मंग माहीच चूक," बाई म्हणाल्या. "मले तर वाटलं होतं, वर्गात कोणी जास्तीचं हाये. कानालेही भास होऊन राह्यला आता."

त्यांनी तळहाताने सगळी आकृती पुसली. मी बस पकडली. शर्टाची फक्त पुढची बाजू झाली होती, पाठ चुरगळलेलीच होती. म्हणून मुलीच्या घरी मी पूर्ण वेळ खुर्चीला पाठ टेकवून बसलो. आजही बायको पाहुण्यांना सांगते की हे असे ताठ बसले होते आणि शर्ट असा कडक होता, मला वाटलं माणूस नीटनेटका असेल, म्हणून मी हो म्हटलं. सगळे हसतात. मीही हसतो.

लग्न ठरण्याआधी तिचे मामा माझी चौकशी करायला अकोल्याला येऊन गेले. मुलाचा घरमालक काय म्हणतो ते आमच्याकडे पाहतातच. बाई त्यांना काय म्हणाल्या ते मामांनी लग्नात मला सांगितलं: पोरगा कमी बोलते, पण बोलते ते खरं बोलते.

त्या दिवसानंतर बाईंनी जनरेटर चालू केला नाही. लाईन गेली की त्या दारात बसून राहायच्या. ताई म्हणायच्या, बाई, निदान पंखे तरी लावा. त्या म्हणायच्या, "नको बाप्पा. माह्या भरोशावर नको." त्यांनी आपली जुनी पायाची शिलाई मशीन ताईंना देऊन टाकली. ताईंनी घेतली आणि लग्नसराईचे ब्लाऊज तिच्यावर शिवले. त्यांनी बाईंना एका शब्दाने बोल लावला नाही. लावला असता तर कदाचित मला तोंड उघडावं लागलं असतं.

एकदा मी ठरवून खाली गेलो होतो. रविवार होता. बाई मुलाशी फोनवर बोलत होत्या. त्या सांगत होत्या की बरोबर हाये तुहं, मी म्हटलं होतं ना, माह्या पायानं बसीन. फोन ठेवून त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो आणि परत वर आलो. चहा घेतला असता तर थांबावं लागलं असतं.

मुलगा आला तेव्हा त्याने जिंकल्याचा आव आणला नाही. त्याने हळू आवाजात सामान बांधलं. घर विकायचं ठरलं. जायच्या दिवशी बाईंनी मला अंगणात बोलावलं आणि पाटावरच्या जनरेटरकडे बोट केलं. "हे तू ने. याची काही चूक नाही. पुण्याले याले कोण विचारते." मी नको नको म्हणत होतो. त्यांना तो संकोच वाटला. ऑटोत बसताना त्या खरोखरच आपल्या पायाने चढल्या, मुलाचा हात बाजूला करून.

त्यानंतर त्या मला एकदाच भेटल्या, ताईंच्या मुलीच्या लग्नात, अकोल्यातच. तोवर मी बदली होऊन अमरावतीला परतलो होतो. बारीक झाल्या होत्या. नवऱ्याचं घड्याळ मनगटात फिरत होतं. त्यांनी माझ्या बायकोच्या डोक्यावरून हात फिरवला, आमच्या मुलीला नाव विचारलं. मग मला म्हणाल्या, "लाईन जाते का रे अजून तिकडे?"

मी सांगितलं, पहिल्यासारखी नाही जात.

"आमच्या बिल्डिंगीत जातच नाही," त्या म्हणाल्या. "अन्‌ गेली तरी मले काय. सूनबाई मले गॅसपाशी जाऊ देत नाही. चांगली हाये ती. भेते." मग म्हणाल्या, "मीही भेते आता. बटन दाबाच्या आधी दोनदा इचारते, दाबू का म्हून."

मी पाहिलं, त्यांच्या कमरेला बटवा होता. त्यात खडू होता की नाही ते मी विचारलं नाही. पंगतीला बोलावलं गेलं आणि आम्ही उठलो. तिथेही, दोन पानांच्या अंतरावर बसून, मी काही बोललो नाही.

जनरेटर अमरावतीला जिन्याखाली गोणपाटात पडून होता. मी तो कधी वापरला नाही, कुणाला दिलाही नाही. मागच्या उन्हाळ्यात वादळ झालं, आमच्या भागातलं रोहित्र जळालं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत लाईन आली नाही. इन्व्हर्टरची बॅटरी केव्हाच संपली होती. फ्रिजमध्ये सासूबाईंचं इन्सुलिन होतं. बायको म्हणाली, ते जिन्याखालचं धूड चालतं का पाहा. मेकॅनिक बोलावला, त्याने आतली घाण काढली, नवं पेट्रोल भरलं आणि दोरी ओढली. तो चालू झाला. तोच आवाज.

मेकॅनिक म्हणाला, लावा आता काय लावायचं ते. मी अंगणात उभा होतो. माझ्या तोंडातून निघालं, "बंद करा सगळं. सगळं म्हणजे सगळं." बायको आतून म्हणाली, हे काय नवीन. मी फ्रिज म्हणून पुकारलं. माझी मुलगी खिडकीत आली आणि हसत म्हणाली, "हजर!" तिला तो खेळ आवडला. पंखा हजर झाला. फोनचा चार्जर हजर झाला. मिक्सर गैरहजर. कुलर गैरहजर.

पुढचं नाव मला घेता आलं नाही. इंजिन आपल्या चालीने चालत होतं, कण्हत नव्हतं. मुलगी खिडकीत वाट पाहत उभी होती. "अजून काय आहे, बाबा?" तिने विचारलं. मी म्हणालो, झालं, एवढंच.

बाई पुण्यात आहेत. त्यांच्या मुलाचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. पण हे फोनवर सांगायचं नाही, आणि हे लिहून झालं म्हणजे सांगून झालं असंही नाही. मला पुण्याला जायचं आहे. त्यांच्या मुलाला आणि सुनेलाही समोर बसवायचं आहे. आणि नाव पुकारल्यावर उभं राहतात तसं उभं राहून सांगायचं आहे की बाई, त्या दिवशी इस्त्री हजर होती, तुमचा क्रम बरोबर होता, कानही बरोबर होता. एवढं मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.